एका तारखेची कहाणी

महाराष्ट्रातील पुष्कळ शाळांत १ ऑगस्ट या दिवशी दोन प्रतिमांना पुष्पहार घातले जातात. एक प्रतिमा लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांची आणि दुसरी लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची. एकाची ती पुण्यतिथी, तर दुसऱ्याची जयंती. एकाने ज्या दिवशी इहलोकीची यात्रा संपविली, त्याच दिवशी दुसऱ्याने या जगात डोळे उघडले. आणि विशेष हे की, सालही एकच – १९२०. महात्मा गांधींनी असहकाराच्या चळवळीस आरंभ केला, तोही त्याच दिवशी. या एका तारखेच्या पोटात आणखी किती घटना दडल्या आहेत, त्या एकत्र कशा आल्या आणि त्यांपासून काय शिकावयाचे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

इतिहासाची पाने मागे उलटीत गेल्यास १ ऑगस्ट ही तारीख प्रथम एका प्रयोगशाळेत भेटते. साल होते १७७४. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टले नावाचे एक धर्मोपदेशक एका सरदाराच्या पदरी ग्रंथपाल म्हणून होते. शास्त्रीय प्रयोगांची त्यांना मोठी आवड. त्या दिवशी त्यांनी एक मोठे भिंग घेतले, सूर्याचे किरण त्यातून एकवटून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडले आणि त्या उष्णतेने भस्मातून जो वायू निघाला तो गोळा केला. या वायूत जळती मेणबत्ती धरताच तिची ज्योत एकाएकी प्रखर झाली. प्रिस्टले चकित झाले. आपण ज्याला प्राणवायू किंवा ऑक्सिजन म्हणतो, तोच हा वायू होय.

मात्र याच वायूची कहाणी एवढ्यावर संपत नाही. स्वीडनमधील शेले नावाच्या एका औषधे तयार करणाऱ्या रसायनज्ञाने तो प्रिस्टलेच्याही आधी तयार केला होता. परंतु त्याचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास १७७७ साल उजाडले. पुढे फ्रान्समधील लाव्हाझिए याने हा वायू म्हणजे एक मूलद्रव्य आहे हे ओळखून त्याचे ‘ऑक्सिजन’ असे नामकरण केले. म्हणजे शोध एक, पण त्याचे वाटेकरी तीन. मग तारीख मात्र प्रिस्टलेचीच का सांगितली जाते? कारण त्याच्या प्रयोगाचा नेमका दिवस नोंदलेला आहे. घटना घडून गेली तरी तिची नोंद राहिली नाही, तर तिची तारीखही राहत नाही.

त्यानंतर साठ वर्षांनी हीच तारीख लक्षावधी माणसांच्या आयुष्यात आली. त्या काळी इंग्रजांच्या वसाहतींत, विशेषतः वेस्ट इंडीजच्या बेटांवर, उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे आणि त्यांची मुलेबाळे गुलाम म्हणून राबत असत. गुराढोरांप्रमाणे त्यांची खरेदी-विक्री होई. या अमानुष प्रथेविरुद्ध गुलामांनी स्वतः बंडे केली आणि इंग्लंडमधील अनेक सत्प्रवृत्त लोकांनी वर्षानुवर्षे चळवळ केली. अखेर १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करणारा कायदा संमत केला व तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. सुमारे आठ लाख माणसे या कायद्याने गुलाम म्हणून उरली नाहीत.

परंतु कायद्याच्या कागदावर स्वातंत्र्य मिळाले, तरी ते हातात पडावयास आणखी काळ जावा लागला. सहा वर्षांखालील मुले तेवढी ताबडतोब मुक्त झाली. इतरांना ‘उमेदवार’ असे नवे नाव देऊन, आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे विनामोबदला काम करण्याचे बंधन घालण्यात आले. मालकांना त्यांच्या ‘नुकसानी’बद्दल दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्यांना मात्र एक पैही मिळाली नाही. या अन्यायाविरुद्ध पुन्हा आवाज उठला आणि १ ऑगस्ट १८३८ या दिवशी ते बंधनही तुटले. त्रिनिदाद, जमैका इत्यादी देशांत १ ऑगस्ट हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, तो या घटनेच्या स्मरणार्थ.

या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान वगळलेला होता. येथे तसा कायदा व्हावयास १८४३ साल यावे लागले. तथापि गुलामगिरी बंद झाल्याचे परिणाम भारतापर्यंत येऊन पोहोचले. मळेवाल्यांना आता मजुरांची उणीव भासू लागली. मग ठराविक वर्षांचा करार करून भारतातील गोरगरिबांना जहाजांत भरून दूरच्या बेटांवर नेण्यात येऊ लागले. मॉरिशसला गेलेल्या अशा मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी आपली भाषा आणि गणेशोत्सव तेथे आजवर जतन केला आहे. एका दूरदेशीच्या तारखेचा धागा असा आपल्या घरापर्यंत येऊन भिडतो.

सन १९१४ मधील १ ऑगस्ट मात्र जगाला दुःखाच्या खाईत लोटणारा ठरला. त्या दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. पहिल्या महायुद्धाचा वणवा पाहता पाहता साऱ्या युरोपात पसरला आणि नोव्हेंबर १९१८ पर्यंत तो शमला नाही. भारतातील लक्षावधी शिपाईही त्या युद्धात परमुलुखी लढले. येथे एक गमतीची गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जर्मनीत त्या दिवशी १ ऑगस्ट ही तारीख असली, तरी रशियात मात्र त्याच दिवशी १९ जुलै होती! कारण रशियात तेव्हा जुनी कालगणना चालू होती व ती इतर युरोपाच्या तेरा दिवस मागे होती. सूर्य एकच, दिवस एकच. पण दोन देशांच्या दिनदर्शिका निराळ्या. यावरून तारीख ही निसर्गाने दिलेली नसून माणसाने आपल्या सोयीसाठी आखलेली खूण आहे, हे ध्यानात येते.

आता १९२० सालाकडे वळू.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळक मुंबईस आले होते. क्रॉफर्ड मार्केटनजीकच्या सरदारगृहात त्यांचा मुक्काम होता. त्यांनी नुकतीच चौसष्ट वर्षे पूर्ण केली होती. चाळीस वर्षांपूर्वी, १८८० साली, चिपळूणकर व आगरकर यांच्यासमवेत त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यास वाहून घेतले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ निघाला. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांबद्दल त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या दर वर्षामागे एक दिवस, असा सहा दिवसांचा संप पुकारला होता. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. अशा अखंड श्रमांनी त्यांचा देह झिजला होता. सरदारगृहात हिवतापाचे निमित्त होऊन ते अंथरुणास खिळले आणि प्रकृती उत्तरोत्तर ढासळत गेली. ३१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि पाऊण वाजण्याच्या सुमारास त्यांची प्राणज्योत मालवली.

उजाडता उजाडता ही वार्ता शहरभर पसरली. तो रविवार होता. आकाशातून पाऊस कोसळत होता, तरी लोकांची रीघ थांबेना. लाखावर माणसे त्यांच्या अंत्ययात्रेत सामील झाली. त्यांत गांधीजीही होते. नेहमीच्या स्मशानभूमीऐवजी गिरगाव चौपाटीच्या वाळवंटावर, समुद्राच्या साक्षीने लोकमान्यांवर अंत्यसंस्कार करण्यात आले. आज त्या चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे.

त्याच दिवशी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना एक पत्र धाडले. दक्षिण आफ्रिकेत केलेल्या सेवेबद्दल सरकारने त्यांना जी पदके दिली होती, ती त्यांनी या पत्राने परत केली. १९१९ च्या एप्रिलमध्ये अमृतसरच्या जालियनवाला बागेत सरकारी सैन्याने नि:शस्त्र जनतेवर गोळीबार केला होता. खिलाफतीच्या प्रश्नावर मुसलमान समाजाला दिलेली वचनेही मोडली गेली, अशी लोकांची भावना होती. ज्या सरकारने असे वर्तन केले, त्याचा मान आपण अंगावर मिरविणे योग्य नव्हे, हा त्या पत्राचा आशय. त्या दिवसापासून असहकाराची चळवळ सुरू झाली. पदव्यांचा त्याग, सरकारी शाळा व न्यायालये यांवर बहिष्कार, परदेशी कापडाची होळी आणि घरोघर चरखा, हे तिचे पुढील रूप सर्वश्रुत आहे.

मुंबई अशी शोकात बुडाली असताना, तेथून दूर, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील व आता सांगली जिल्ह्यात असलेल्या वाटेगाव या खेड्यात एका मुलाचा जन्म झाला. भाऊराव आणि वालुबाई साठे यांचा हा मुलगा. त्याचे नाव तुकाराम ठेवण्यात आले. हे कुटुंब मातंग समाजातील. घरात अठरा विश्वे दारिद्र्य, आणि गावात अस्पृश्यतेचा जाच. अशा घरातील जन्माची वार्ता कोणत्या वृत्तपत्राने छापावी? गावाच्या वेशीबाहेरही ती गेली नसेल.

या तुकारामाचे शालेय शिक्षण उणेपुरे दीड दिवस झाले, असे सांगतात. पुढे पोटासाठी साठे कुटुंब वाटेगावाहून पायी चालत मुंबईस आले. तेथे या मुलाने कोळसे वेचले, फेरी करून माल विकला, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची अक्षरे लावीत लावीत तो वाचावयास शिकला. ज्या मुंबईत गिरणी कामगारांनी टिळकांसाठी संप केला होता, त्याच मुंबईतील कामगारांची सुखदुःखे तो पुढे शाहिरीतून गाऊ लागला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्याने ‘लाल बावटा’ कलापथक उभारले. तुकारामाचे ‘अण्णा भाऊ’ झाले ते याच वाटेने. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या लावण्या व पोवाडे ऐकण्यास माणसांचे समुदाय लोटत. त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फकिरा’ या कादंबरीत, उपाशी माणसांना जगविण्यासाठी इंग्रज सरकारशी झुंजणाऱ्या एका शूराचे चरित्र आहे. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीस अर्पण केली. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २०२२ साली मॉस्को येथील परदेशी साहित्याच्या मोठ्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. शाळेचा उंबरा ज्याला परका झाला होता, त्याची मूर्ती जगाच्या ग्रंथालयात विराजमान झाली.

एकाच दिवशी अशा तीन घटना घडाव्यात, हे पाहून कोणासही वाटेल की यात काही गूढ संकेत असावा. येथे थोडा विचार करावयास हवा. या तिन्हींपैकी असहकाराचा दिवस माणसांनी आधीच ठरविलेला होता. टिळकांचे निधन आणि अण्णा भाऊंचा जन्म हे मात्र कोणाच्या हातचे नव्हते. वर्षाच्या तारखा साऱ्या ३६६, आणि माणसाच्या इतिहासाची वर्षे हजारो. तेव्हा प्रत्येक तारखेच्या वाट्यास अनेक जन्म, अनेक मृत्यू आणि अनेक प्रसंग येणारच. महाराष्ट्रातील महसुली वर्षाचा आरंभही १ ऑगस्टलाच होतो, आणि देशभर स्वस्त व उत्तम पुस्तके पोहोचविणाऱ्या राष्ट्रीय पुस्तक न्यासाची स्थापनाही १९५७ साली याच तारखेस झाली.

याचा पडताळा वर्गातही घेता येईल. एखाद्या वर्गात केवळ २३ मुले असली, तरी त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. पण २३ मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या केल्या, तर त्या २५३ होतात हे लक्षात आले की आश्चर्य ओसरते. ५० मुलांच्या वर्गात तर अशी जोडी न सापडली, तरच नवल!

दुसरेही एक सूक्ष्म सत्य आहे. दिवस केव्हा बदलतो? इंग्रजी पद्धतीने मध्यरात्री बारा वाजता, तर आपल्या पंचांगाच्या रीतीने सूर्योदयाला. टिळकांचे निधन मध्यरात्रीनंतर, पण सूर्योदयापूर्वी झाले. म्हणून इंग्रजी गणनेने ती १ ऑगस्टची, रविवारची घटना. परंतु पंचांगाच्या गणनेने शनिवार अजून संपलेलाच नव्हता. त्या रीतीने मोजले असते, तर लोकमान्यांच्या निधनाचा दिवस आणि गांधीजींच्या पत्राचा दिवस एक ठरला नसता. ‘पुण्यतिथी’ या शब्दात ‘तिथी’ असली, तरी टिळकांचे स्मरण आपण तारखेनेच करतो. शिवजयंतीबाबतही शासन १९ फेब्रुवारी ही तारीख मानते, तर काही लोक फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी मानतात. ज्यांना स्मरण करावयाचे, ते महापुरुष त्यामुळे बदलत नाहीत.

तर मग दिनविशेषाला अर्थ तो काय? अर्थ आहे, आणि तो माणसांनी निर्माण केलेला आहे. टिळक स्वतः हे उत्तम जाणून होते. लोक एकत्र यावेत, पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मरण करून त्यांनी नवे बळ घ्यावे, म्हणून त्यांनी गणेशोत्सवास सार्वजनिक रूप देण्यास चालना दिली आणि १८९६ साली रायगडावर शिवाजी महाराजांच्या स्मरणाचा उत्सव भरविला. त्यांच्या निधनानंतर असहकाराच्या चळवळीसाठी जो निधी उभारण्यात आला, त्याला ‘टिळक स्वराज्य फंड’ असे नाव देण्यात आले, आणि १९२१ च्या जूनअखेर त्यात एक कोटी रुपये जमले. लोकमान्यांचे निधन आणि चळवळीचा आरंभ एका दिवशी झाला, हा योग. परंतु एकाचे कार्य दुसऱ्याने पुढे नेले, हा पुरुषार्थ होय.

तारखांच्या नोंदीमागे आणखी एक वास्तव लपलेले असते. राजवाड्यात मूल जन्मले तर नगारे वाजत आणि जोशी घटका-पळे मोजून पत्रिका मांडीत. गरिबाघरी मात्र ‘त्या वर्षी मोठा पूर आला होता’ किंवा ‘प्लेगच्या साथीच्या आदल्या साली’, एवढीच जन्माची खूण राही. असे मूल शाळेत आले, की गुरुजी अदमासाने वय ठरवीत आणि दाखल्यावर बहुधा १ जून ही तारीख लिहीत. म्हणूनच महाराष्ट्रातील जुन्या पिढीत १ जून हा वाढदिवस असलेली माणसे गावोगावी आढळतात. तो काही योगायोग नव्हे. त्यांच्या खऱ्या जन्मदिवसाची दखल कोणी घेतली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. मोठमोठ्या दिनविशेषांच्या याद्यांतून जे कोट्यवधी गळले, त्यांत किती कर्तबगार स्त्रिया, किती कारागीर, किती शेतकरी असतील, याची गणती कोण करणार?

म्हणून दिनविशेष वाचताना दोन प्रश्न मनाशी अवश्य विचारावेत. या यादीत जे आहेत, त्यांनी असे कोणते कार्य केले की लोकांनी त्यांचा दिवस जपून ठेवला? आणि या यादीत जे नाहीत, त्यांना आपण का विसरलो? १९२० साली ज्या बालकाच्या जन्माची कोणी वार्ताही घेतली नाही, त्याची जयंती आज लोकमान्यांच्या पुण्यतिथीच्या बरोबरीने साजरी होते. वर्षातील सर्व तारखा सारख्याच असतात. त्यांना मोल येते ते माणसाच्या कर्तृत्वाने, आणि ते टिकते ते समाजाच्या कृतज्ञतेने.

स्वाध्याय

१. प्राणवायूच्या शोधाचे वाटेकरी तीन असूनही तारीख प्रिस्टलेचीच का सांगितली जाते?
२. १ ऑगस्ट १८३४ आणि १ ऑगस्ट १८३८ या दोन दिवसांतील फरक स्पष्ट करा.
३. ‘हा योग, हा पुरुषार्थ’ – या शब्दांतून लेखात कोणता भेद दाखविला आहे?
४. वर्गातील सर्व मुलामुलींच्या जन्मतारखांची यादी करा. एकाच तारखेच्या किती जोड्या आढळतात ते पाहा.
५. आपल्या गावातील, कोणत्याही यादीत नसलेल्या एका कर्तबगार व्यक्तीची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा व दहा ओळींत लिहा.